डोक्याला मार लागलेल्या मुलाला घरी आणताना : गोव्यातल्या आईवडिलांसाठी

माझा मुलगा १९ वर्षांचा असताना, जुलैमधल्या एका संध्याकाळी साखळी गावाजवळ त्याची स्कूटर पावसात घसरली. डोक्यावर हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. १०८ने त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. त्याच रात्री डोक्याचं ऑपरेशन झालं, नंतर बरेच दिवस आयसीयू आणि मग वॉर्ड. आता या गोष्टीला तीन वर्षं झाली.

हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली त्या दिवशी सगळ्यांनी "वाचला हो देवाच्या कृपेने" म्हणत पेढे वाटले. संध्याकाळी पाहुणे गेले, दार लावलं, आणि मी नि त्याचे बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. आता पुढे काय करायचं हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्या घरी ती संध्याकाळ यायची असेल किंवा नुकतीच येऊन गेली असेल, तर हे तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. घरात काय करावं लागतं आणि आमचं कुठे चुकलं, तेवढं मी सांगते.

१. हॉस्पिटलात असतानाच एक वही घाला

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. सुटे कागद हरवतात, आणि फोनमधले फोटो नेमके हवे तेव्हा सापडत नाहीत. पहिल्या पानावर लिहा : अपघाताची तारीख आणि वेळ, किती वेळ बेशुद्ध होता, हॉस्पिटलात आणलं तेव्हाचा जीसीएस किती, सीटी स्कॅनमध्ये काय दिसलं, कोणतं ऑपरेशन कधी झालं, कोणती औषधं चालू आहेत.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं या तीन गोष्टींवरून ३ ते १५ असा आकडा काढतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. आमचा ७ होता. हा आकडा सुरुवातीला मार किती जबर होता एवढंच सांगतो. मुलगा पुढे कुठवर येईल ते त्यावरून कळत नाही, तेव्हा रात्रभर त्याच एका आकड्याचा विचार करत बसू नका.

डॉक्टरांना हेही विचारा : मार मेंदूच्या कोणत्या भागाला आहे? पुढे घरात जे दिसतं त्यातलं बरंचसं या उत्तरावरून उलगडतं. कपाळामागच्या भागाला मार असेल, तर स्वतःहून कामाला हात घालणं, रागाला आवर घालणं, पुढचा विचार करणं या गोष्टी अवघड जातात. कानशिलाच्या बाजूला असेल तर आठवण आणि बोलणं. कधी सीटी जवळजवळ साफ दिसतो आणि तरीही मुलगा शुद्धीवर येत नाही. जोराच्या हिसक्याने मेंदूतले बारीक तंतू सगळीकडे ताणले, तुटले, तर असं होतं. डॉक्टर त्याला डीएआय म्हणतात. ते एमआरआयमध्ये जास्त नीट कळतं.

राउंडच्या वेळी घरातल्या एकानेच बोलायचं, हे आधीच ठरवा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात मामा, काका, शेजारी सगळेच प्रश्न विचारत होते आणि प्रत्येकजण घरी वेगळंच उत्तर घेऊन येत होता.

२. डोळे उघडले म्हणजे शुद्ध आली असं नाही

आम्हाला वाटायचं, एक दिवस डोळे उघडेल आणि "आई" म्हणेल. डोळे उघडले ते नवव्या दिवशी. पण नजर माझ्यातून आरपार जात होती. पुढे बोलायला लागला तेव्हा आपण पेडण्याला आजोळी आहोत असं त्याला वाटायचं, आणि चार वर्षांपूर्वी वारलेल्या आजीला तो हाका मारायचा. नाकातली नळी उपसायचा, शिव्या द्यायचा. जन्मात तोंडातून वाईट शब्द न काढलेला मुलगा!

हा एक टप्पा असतो. या दिवसांत मेंदू नवीन आठवण साठवतच नाही. दहा मिनिटांपूर्वी सांगितलेलं पुसून जातं. अशा वेळी "मला ओळखलंस? सांग बघू मी कोण?" असं विचारू नका. येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो आणि मुलगा आणखी घाबरतो. त्याऐवजी आपणच सांगायचं : "मी आई. तू बांबोळीला हॉस्पिटलात आहेस. स्कूटरवरून पडलास. आज मंगळवार." दिवसातून वीस वेळा सांगावं लागलं तरी त्याच शांत आवाजात.

एका वेळी दोनच माणसं आत. बोलायचं एकानेच.

आणि आदल्या दिवशीचं त्याला दुसऱ्या दिवशी आपलं आपण आठवायला लागलं, की ती तारीख वहीत लिहा. हा गोंधळाचा काळ किती दिवस चालला यावरून पुढच्या सुधारणेचा अंदाज बांधायला डॉक्टरांना मदत होते. पुढे थेरपीच्या ठिकाणी आम्हाला हे विचारलं गेलं, आणि ती तारीख आमच्याकडे होती ती वहीमुळेच.

३. सुट्टी मिळण्याआधी हे विचारून घ्या

सुट्टीच्या दिवशी गडबड असते. आदल्या दिवशीच वहीत प्रश्न लिहून ठेवा.

- फीट येऊ नये म्हणून दिलेली गोळी किती दिवस? ती कोण बंद करणार?
- गिळण्याची तपासणी झाली का? पाणी पातळच द्यायचं की घट्ट करून?
- कवटीचं हाड काढून ठेवलं असेल तर ते परत कधी बसवणार? तोवर त्या बाजूवर झोपायचं का? घरात फिरताना डोक्याला काय घालायचं?
- कुशीवर किती वेळाने वळवायचं? (अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात.)
- फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं परत जमावीत म्हणून), स्पीच थेरपी यांची चिठ्ठी आजच मिळेल का?
- काय दिसलं तर धावत परत यायचं?

शेवटच्या प्रश्नाचं आम्हाला मिळालेलं उत्तर मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं होतं : वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, फीट, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं येणं, ताप. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ लावायचा. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सुधारत असलेला मुलगा काही महिन्यांनी उलटा मागे जायला लागला, चालताना पाय घसटू लागला, लघवी कपड्यात व्हायला लागली, मंद झाला, तर डोक्यात पाणी साठत असू शकतं. त्यावर उपाय आहे. "आता तो असाच राहणार" असं ठरवून घरी बसू नका.

४. घर त्याच्यासाठी लावून घ्या

न्हाणीघरात धरायला दांडी, बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, खाली रबरी पायपुसणं. पावसाळ्यात आपल्याकडच्या अंगणावर शेवाळ धरतं, तिथे ब्लीचिंग पावडर मारून घासून घ्या. दुसरी पडझड त्याला परवडणारी नाही.

त्याची खोली रस्त्यापासून लांबची असावी. जाड पडदा, मंद दिवा. भिंतीवर एक मोठं कॅलेंडर आणि पांढरा फळा. फळ्यावर रोज सकाळी वार, तारीख आणि दिवसभरात होणाऱ्या तीन गोष्टी लिहायच्या. तीनच.

आमच्याकडे वेळ ओळखायला त्याला पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, मदत झाली. घड्याळ बघून त्याला काही कळायचं नाही. पण पोदेराचा भोंपू वाजला की सकाळ झाली आणि पाव घ्यायला दारात जायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं होतं. आधी मी त्याला धरून दारापर्यंत नेत होते. मग तो भिंतीला धरून जाऊ लागला. पैसे मोजून द्यायला सुरुवात केली ती त्या दारातच. पोदेर भला माणूस, घाई करायचा नाही. तुमच्या घरातही असं काहीतरी रोजचं, ठरल्या वेळेचं असेल. त्याला धरून दिवसाची घडी बसवा.

वास येतो का तेही तपासा. डोक्याच्या मारात वासाची नस दुखावू शकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मुलाला दोन दिवसांचे बांगडे खराब झाल्याचं कळलं नाही, तेव्हा मला समजलं. त्याला गॅस सुटल्याचंही कळत नाही. म्हणून तो एकटा असताना शेगडीला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

५. पेज घोटून द्या

आजारी माणसाला पेज, हे आपल्या हाडात बसलेलं आहे. मीही पहिल्याच दिवशी उकड्या तांदळाची पेज केली, आणि दुसऱ्या घासाला त्याला असा ठसका लागला की चेहरा निळा पडला.

स्पीच थेरपिस्टने नंतर कारण सांगितलं. बोलण्याबरोबर गिळण्याचं कामही त्याच बघतात. पेजेत दोन गोष्टी असतात, पातळ पाणी आणि घन शीत. ज्याचं गिळणं मंदावलंय त्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. तो शीत चावत असतो तोवर पाणी श्वासनळीकडे सरकतं. अन्न किंवा पाणी फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. तेव्हा पेज मिक्सरमधून काढून, चमच्यावर राहील इतकी घट्ट द्या. सोलकढी, ताकासारखं पातळ द्रव सर्वांत अवघड. ते परवानगी मिळेपर्यंत नाही. माशाचा काटा काढून, मासा कुस्करून, घट्ट आमटीत कालवून.

भरवताना त्याला सरळ बसवा, हनुवटी थोडी खाली, टीव्ही बंद, बोलणं बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येत असेल तर तोही इशाराच आहे.

६. दमणूक : सगळ्यांत मोठं आणि न दिसणारं दुखणं

टाके सुटले, केस परत आले, मुलगा चालायला लागला, की लोकांच्या मते तो बरा झाला. आणि मग सुरू होतं, "दिवसभर झोपतो काय?", "जरा बाहेर पडू दे की", "तरण्या पोराला एवढी विश्रांती कशाला?"

मार लागण्याआधी ऐकणं, बघणं, चालता चालता बोलणं हे सगळं मेंदू आपसूक करत होता. आता त्यातली प्रत्येक गोष्ट त्याला मुद्दाम लक्ष घालून करावी लागते. म्हणून तासाभराच्या गप्पांनी तो आपण दिवसभर शेतात राबल्यासारखा थकतो. यात आळस नाही की नाटक नाही, आणि जबरदस्ती करून हे सुटत नाही. आम्ही जबरदस्ती केली होती. चौथ्या महिन्यात मी त्याला साखळीच्या बाजारात नेलं. मासळीवाल्यांची ओरड, बसचे हॉर्न, ओळखीचे दहाजण थांबवून विचारपूस करणारे. घरी आल्यावर तो बुटांसकट जमिनीवर आडवा झाला आणि पुढचे दोन दिवस त्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता आली नाहीत.

त्यानंतर आम्ही दिवस असा बांधला :

- वीस मिनिटं काम, मग दहा ते पंधरा मिनिटं विश्रांती. काम म्हणजे वाचन, थेरपीचा व्यायाम, आंघोळ, पाहुण्यांशी बोलणंसुद्धा.
- विश्रांती म्हणजे अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडणं. फोन चाळणं ही विश्रांती नाही, त्यात मेंदू आणखी थकतो. या एका गोष्टीवरून आमच्या घरी सर्वांत जास्त भांडणं झाली.
- अवघड काम सकाळी. दुपारनंतर सोपं.
- एका वेळी एकच गोष्ट. जेवताना टीव्ही नाही, चालताना प्रश्न नाहीत.
- रात्री झोपायची आणि सकाळी उठायची वेळ रोज तीच, रविवारीही.

त्याच्या थकव्याची खूण शोधा. प्रत्येकाची वेगळी असते. माझ्या मुलाचे कान लाल होतात आणि वाक्याच्या मध्येच शब्द अडतो. ही खूण दिसली की राग किंवा रडू यायला साधारण पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात त्याला खोलीत न्यायचं. हे कळल्यापासून आमच्या घरातली निम्मी आदळआपट थांबली.

ताकद हळूहळू वाढते. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, मग वेग कमी होतो, पण ती थांबत नाही. दुसऱ्या नि तिसऱ्या वर्षीही आम्ही नवीन गोष्टी बघितल्या. वहीत दर रविवारी एक ओळ लिहायची : या आठवड्यात काय नवीन जमलं? अपघाताआधीच्या मुलाशी तुलना केली तर रोज रडू येतं. मागच्या महिन्याच्या पानाशी करा.

७. राग, हट्ट आणि गप्प बसणं

एका सकाळी चहात साखर कमी म्हणून त्याने कप भिंतीवर मारला. धाकटी मुलगी अभ्यास करत होती, ती थरथर कापत कोपऱ्यात गेली. दोन मिनिटांनी तो विचारत होता, "ती का रडते?"

मेंदूतला आवर घालणारा भाग दुखावला की राग मनात येतो आणि त्याच क्षणी बाहेर पडतो. अशा वेळी समजावणं, ओरडणं, "तू असा नव्हतास रे" म्हणून रडणं, यातलं काही उपयोगाचं नाही. आम्ही हे करतो : आवाज खाली, वाक्य लहान, जवळची फुटणारी वस्तू बाजूला, बाकीच्यांनी खोलीतून बाहेर. तो शांत झाल्यावर तासाभराने एकदाच, साध्या शब्दांत बोलायचं. आणि रात्री वहीत लिहायचं : त्याआधी काय चाललं होतं? भूक, झोप, आवाज, की घाई? महिन्याभरात त्यातली संगती दिसायला लागते. आमच्या वहीत दहातल्या सात वेळा उत्तर एकच निघालं, जेवणाआधीची वेळ. जेवण अर्धा तास अलीकडे आणलं.

याच्या उलटही होतं. तासन्‌तास तो नुसता बसून. आपण म्हणतो हट्टी झाला, मनच नाही. पण बऱ्याचदा त्याला काम करायचं असतं, सुरुवातच होत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टने आम्हाला चहाचा कागद करायला सांगितला. सहा ओळी मोठ्या अक्षरात : टोप घे. एक कप पाणी. पावडर एक चमचा. साखर दीड. उकळू दे. दूध घाल. सुरुवातीला मी शेजारी उभी राहून नुसतं बोटाने ओळ दाखवायचे. तो दोनदा साखर घालायचा, दूध विसरायचा. चूक होऊ द्यायची आणि मग सुधारायची, असं करायचं नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्याची आठवण दुबळी आहे त्याच्या मनात चूकच पक्की बसते. चुकायच्या आधीच बरोबर ओळीवर बोट ठेवायचं. दीड महिन्याने एका संध्याकाळी मी बाहेरून आले, तर ओट्यावर दोन कप झाकून ठेवलेले. गॅसच्या नियमामुळे बाबा दारात उभे होते, पण बोट कोणी दाखवलं नव्हतं.

उदासी येतेच, आणि मुख्य म्हणजे ती मुलगा सुधारल्यावर येते. आपलं काय गेलं हे समजायला लागलं की. "मी मेलो असतो तर बरं झालं असतं" असं तो बोलला, तर ते मनावर घ्या. त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना लगेच सांगा. बांबोळीलाच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. लोक तिथे जायला लाजतात, तुम्ही लाजू नका. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, त्यावर आईबापही बोलू शकतात. मी बोलले आहे.

एक ताकीद. चिडचिड थांबावी म्हणून आपल्या मनाने झोपेची गोळी देऊ नका. एका खासगी दवाखान्यात आम्हाला ती सहज लिहून दिली होती. आठवडाभर मुलगा इतका सुस्त झाला की थेरपीत शिकलेलं मागे पडलं. कोणतीही नवीन गोळी न्यूरो विभागाला दाखवूनच.

८. फीट आली तर

डोक्याला जबर मार लागलेल्यांना फीट कधीही येऊ शकते, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा. घरातल्या प्रत्येकाला, धाकट्या भावंडांनाही, हे माहीत हवं :

- घड्याळ बघा.
- त्याला कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा.
- हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका.
- चप्पल, कांदा, लोखंड हुंगवू नका. गर्दी हटवा.
- पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८. पहिलीच फीट असेल तर ती थांबली तरी हॉस्पिटल.

गोळी संपली म्हणून एक दिवसही चुकवू नका. अचानक बंद केल्यानेही फीट येऊ शकते. चवथीच्या दिवसांत दुकानं बंद असतात, तेव्हा आठवडाभराचा साठा आधीच घरात हवा.

९. कागदपत्रं

एक फाइल, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स :

- डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, सीटी आणि एमआरआयच्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट
- एमएलसी क्रमांक (हॉस्पिटलातली पोलीस केसची नोंद), एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत
- गाडीचं आरसी, विमा, मुलाचा परवाना
- आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड
- औषधांची, अँब्युलन्सची, टॅक्सीची सगळी बिलं, अगदी लहानातली लहान
- कॉलेजचं बोनाफाइड

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, ते आजच बघा. आमची संपलेली होती आणि आयसीयूबाहेर बसून आम्ही नूतनीकरणाच्या मागे लागलो होतो. २०२५ पासून केंद्राचीही एक योजना आहे : रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता.

दुसऱ्या गाडीचा दोष असेल तर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायचं असतं. कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे आणि मुलाच्या उशाशी बसून सहा महिने कसे जातात ते कळत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. गाडी आपणच घसरली असेल, तर पॉलिसीत मालक-चालकाचं अपघात संरक्षण आहे का ते वाचा.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल खूप गोंधळ आहे. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात डोक्याचा मार असं वेगळं नाव नाही. मारामुळे काय उरलं, म्हणजे हातापायाची कमजोरी, बोलणं, बुद्धी, मानसिक आजार, त्यावर टक्के ठरतात. म्हणून फक्त हाताचा कागद घेऊन जाऊ नका. आठवण आणि लक्ष यांची मानसशास्त्रीय चाचणी करून तिचा रिपोर्टही जोडा. आम्ही आधी तो जोडला नव्हता, आणि मुलगा डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन मिनिटं नीट बोलला म्हणून "याला काय झालंय?" असं ऐकून परत आलो. ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती मिळतात. अर्ज यूडीआयडीच्या (अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर करायचा. सुधारणा चालू असते म्हणून दाखला बऱ्याचदा ठराविक मुदतीचा मिळतो. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

१०. शाळा, कॉलेज

घाई करू नका, आणि नाव काढूनही टाकू नका. घरी लागोपाठ दोन तास, मध्ये विश्रांती घेत, वाचन आणि लिखाण जमायला लागलं की प्राचार्यांना भेटा. सुरुवात एका-दोन तासिकांनी. पुढचा बाक, पंख्याच्या आवाजापासून लांब. टिपणं मित्राकडून. परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. केंद्राच्या नियमांत दर तासाला किमान २० मिनिटं जादा सांगितलेली आहेत. दहावी-बारावी असेल तर गोवा बोर्डाकडे अर्ज शाळेमार्फत आणि वर्षाच्या सुरुवातीलाच जायला हवा.

शिक्षकांना एका पानावर लिहून द्या : काय जमतं, काय जमत नाही, थकल्याची खूण काय, तेव्हा काय करायचं. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या शिक्षकापर्यंत पोचत नाही. आमच्या मुलाने एक वर्ष सोडलं, मग विषय कमी घेतले.

११. दुचाकी, दारू, मैदान

डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय गाडी नाही. फीट येत असेल तर मुळीच नाही. गोव्यात गाडीशिवाय पोराचं पान हलत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून चावी कपाटात ठेवून भागणार नाही. कोण नेणार, कोण आणणार, कदंबची कोणती बस, हे ठरवून द्या. दारू नाही, एक बियरही नाही. दुखावलेल्या मेंदूला ती लवकर चढते आणि फीटचा धोका वाढवते. हे मित्रांना आपणच घरी बोलावून सांगावं. फुटबॉलचं हेडिंगही बंद. पहिला मार भरत असताना दुसरा लागला तर तो फार महागात पडतो.

१२. चवथ, शिगमो आणि मित्र

सणाच्या दिवसांत आपल्या घरात पन्नास माणसं, फटाके, आरत्या. पहिल्या वर्षी आम्ही त्याला मागच्या खोलीत ठेवलं आणि तो आतून दार बडवत राहिला. पूर्ण वगळणंही चुकीचं आणि पूर्ण मध्ये बसवणंही. कानात घालायचे बोळे केमिस्टकडे मिळतात, ते घ्या. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री आणि शिगमोच्या मिरवणुकीला त्याला शांत ठिकाणी नातेवाइकांकडे न्या. मित्रांना दोघा-दोघांनी, अर्ध्या तासासाठी, सकाळच्या वेळी बोलवा. सुरुवातीला वीसजण येतात, सहा महिन्यांनी दोन उरतात. त्या दोघांना जपा, जेवायला घाला, त्यांनाही भीती वाटत असते ती ऐकून घ्या. आणि धाकट्या भावंडासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवा. तेव्हा घरात आजारपणाचा विषय काढायचा नाही. माझ्या मुलीने ही संध्याकाळ दीड वर्षाने स्वतः मागून घेतली. ती तिला आधीच द्यायला हवी होती.

माझा मुलगा अपघाताआधी वाड्यावरच्या आरत्यांना घुमट वाजवायचा. थेरपिस्टनेच सांगितलं की जुनं, हाताला मुरलेलं काम लवकर परत येतं, ते करू द्या. पहिल्यांदा पाच मिनिटं, एकटाच, खोलीत. मग मित्राच्या शामेळ या वाद्याबरोबर दहा. या चवथीला तो कानात बोळे घालून बसला आणि एक आरती पूर्ण वाजवली. दुसरी सुरू झाली तेव्हा मी त्याच्या कानांकडे बघत होते. ते लाल व्हायच्या आतच त्याने घुमट शेजारच्याच्या मांडीवर ठेवलं, मला म्हणाला, "आई, पुरे आता," आणि उठून आपल्या खोलीत जाऊन पडला. वीस मिनिटांनी नैवेद्याच्या वेळी बाहेर आला.